धुळीला जात असते : छातीच्या एक्स-रेच्या वर्गीकरणाचा इतिहास

यंत्राला जात दिसत नाही, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. एक्स-रेच्या यंत्रासमोर ब्राह्मण उभा राहिला काय आणि महार उभा राहिला काय, बरगड्या सारख्याच दिसतात. मग आरोग्याच्या प्रश्नात जात कशाला आणता, असा सवाल शिकलेली मंडळी करतात. बरगड्यांपुरते हे खरे आहे. पण यंत्रासमोर कोणाला उभे केले जाते, निघालेली फिल्म कोण वाचतो, कोणाच्या पगारावर वाचतो आणि वाचून झाल्यावर कागदावर कोणता शब्द लिहितो, या चारही गोष्टी माणसे ठरवतात. आपल्या देशातली माणसे जात बाजूला ठेवून असे काही ठरवत असतील, यावर आमचा विश्वास नाही. हा अविश्वास कशामुळे, ते इतिहासातूनच दाखवावे लागेल.

आमचा संदर्भ मसुरे आणि मालवण तालुक्याचा आहे. भरतगडाच्या पायथ्याचे, गड नदीच्या काठचे हे गाव आंगणेवाडीच्या जत्रेमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जत्रेला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचे बापजादे गिरण्यांत राबले, हेही सर्वांना माहीत आहे. त्यातले जे गिरणी बंद पडल्यावर गावी परतले, त्यांच्या घरांत, विशेषतः बौद्धवाड्यांत, आम्ही कामानिमित्त फिरतो. पत्र्याच्या ट्रंकेत गिरणीचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचे कागद आणि त्याखाली छातीच्या 'फोटो'ची पिवळी पडलेली पाकिटे सापडतात. घरच्यांना विचारले तर उत्तर ठरलेले : "त्येंका दमो होतो", नाहीतर "टीबी होतो". कामाच्या ठिकाणच्या धुळीचा आजार होता, असे कोणी सांगत नाही. कारण तसे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

फिल्म कशी वाचतात

धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांना वैद्यकात न्यूमोकोनिओसिस म्हणतात. दगड-वाळूतल्या सिलिकेने होतो तो सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी होतो तो अ‍ॅस्बेस्टॉसिस, कोळशाच्या धुळीने होतो तो कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते, तिथे व्रण धरतात, आणि लवचिक असलेले फुफ्फुस कडक होत जाते. हे व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. सिलिकोसिस तर काम सोडल्यानंतरही वाढू शकतो. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही.

अशा छातीची फिल्म वाचण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने, म्हणजे आयएलओने, एक वर्गीकरण केलेले आहे. त्याची पद्धत साधी आणि शिस्तीची आहे. वाचणाऱ्याने आधी फिल्मच्या दर्जाला एक ते चार असे गुण द्यायचे. मग दोन्ही फुफ्फुसांचे वरचा, मधला, खालचा असे मिळून सहा भाग धरून बारीक सावल्या कुठे आहेत ते नोंदवायचे. सावल्या गोल असतील तर आकारानुसार पी, क्यू, आर ही अक्षरे : दीड मिलिमीटरपर्यंत पी, तीनपर्यंत क्यू, दहापर्यंत आर. वेड्यावाकड्या असतील तर एस, टी, यू. त्या किती दाट आहेत हे ठरवण्यासाठी नमुन्याच्या प्रमाणित फिल्म बाजूला लावून तुलना करायची आणि शून्य ते तीन अशी प्रत द्यायची. दहा मिलिमीटरहून मोठ्या सावल्यांना ए, बी, सी.

दाटपणाची प्रत दोन आकड्यांत लिहितात. '१/०' म्हणजे वाचणाऱ्याने प्रत एक दिली, पण शून्याचाही गंभीरपणे विचार केला होता. '०/१' म्हणजे प्रत शून्य दिली, पण एकचा विचार केला होता. अशा बारा पायऱ्या आहेत. या दोन आकड्यांत एक प्रामाणिकपणा आहे. वाचणारा माणूस आहे, त्याच्या मनात शंका येते, आणि ती शंका लपवायची नाही, लिहून ठेवायची, असे ही पद्धत सांगते. एकच फिल्म दोघांनी वेगवेगळी वाचावी, अशीही अपेक्षा असते.

आणखी एक गोष्ट या वर्गीकरणाच्या मार्गदर्शिकेतच स्पष्ट आहे. फिल्मवरची कोणतीही सावली केवळ धुळीच्याच आजाराची खूण असते असे नाही. हे वर्गीकरण माणसाची काम करण्याची ताकद मोजत नाही. आणि नुकसानभरपाई कोणत्या प्रतीपासून द्यावी हेही ते ठरवत नाही. कामगारांच्या समूहांची तुलना करता यावी, कुठे धूळ जास्त मारते आहे हे कळावे, यासाठी ते केले आहे. पण व्यवहारात त्याचा उपयोग दाराला लावलेल्या कुलपासारखा होतो. अमेरिकेत कोळसा कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात १/० आणि त्यावरची प्रत आजाराचा पुरावा धरतात, ०/१ धरत नाहीत. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनातली एका क्षणाची शंका कोणत्या बाजूला कलली, त्यावर एका घराची चूल पेटणार की नाही हे ठरते.

मग वाचणारा कोण, हा प्रश्न किरकोळ कसा म्हणायचा? जॉन्स हॉपकिन्ससारख्या नामांकित संस्थेतला एक ज्येष्ठ क्ष-किरण तज्ज्ञ वर्षानुवर्षे कोळसा कंपन्यांसाठी फिल्म वाचत होता. सन २००० नंतर निकाली निघालेल्या दीड हजारांहून अधिक दाव्यांत त्याने एकदाही आजाराचे गंभीर रूप असल्याचे सांगितले नव्हते, हे २०१३मध्ये पत्रकारांनी उघड केले. संस्थेला ते फिल्मवाचनाचे काम थांबवावे लागले.

जोहान्सबर्ग, ऑगस्ट १९३०

या वर्गीकरणाची मुळे शोधत गेलो की आपण दक्षिण आफ्रिकेत पोहोचतो. १३ ते २७ ऑगस्ट १९३० या काळात आयएलओची पहिली आंतरराष्ट्रीय सिलिकोसिस परिषद जोहान्सबर्गला भरली. सिलिकोसिस हा स्वतंत्र आजार आहे, तो सिलिकेच्या धुळीने होतो, क्षयापासून तो वेगळा ओळखता येतो, हे तिथे जगाच्या तज्ज्ञांनी मान्य केले आणि एक्स-रेच्या आधाराने त्याचे तीन टप्पे ठरवले. पुढे १९५०मध्ये सिडनीच्या परिषदेत फिल्मच्या वर्गीकरणाला नवे रूप आले, मग १९५८, १९६८, १९७१, १९८०, २००० अशा सुधारणा होत गेल्या आणि २०११च्या आवृत्तीत डिजिटल फिल्मचा समावेश झाला.

परिषद जोहान्सबर्गलाच का? कारण तिथल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी सिलिकेच्या खडकात होत्या आणि तिथल्या डॉक्टरांकडे जगातल्या सर्वांत जास्त फिल्म जमल्या होत्या. १९१६पासून तिथे खाणकामगारांच्या क्षयासाठी सरकारी वैद्यकीय ब्यूरो काम करत होता. पण त्या फिल्म प्रामुख्याने गोऱ्या कामगारांच्या होत्या. गोऱ्याची ठरावीक काळाने एक्स-रेसह तपासणी होई. काळ्या कामगारांना रांगेत उभे करून वजन केले जाई. वजन घटले तर पुढची तपासणी, नाही तर पुन्हा खाणीत. आजार पकडला तर गोऱ्याला पेन्शन, काळ्याला एकरकमी तुटपुंजी रक्कम आणि गावाकडची गाडी. हा वंशभेद कायद्यातून जायला १९९३ साल उजाडले. गावी जाऊन मेलेल्या काळ्या कामगारांची गणती खाणींच्या आकड्यांत झालीच नाही, म्हणून खाणी 'सुरक्षित' दिसत राहिल्या. त्यांच्या वारसांनी आणि जगलेल्या कामगारांनी खाणकंपन्यांवर सामूहिक दावा केला, आणि २०१९मध्ये तिथल्या न्यायालयाने किमान ५ अब्ज रँडच्या तडजोडीला मान्यता दिली.

त्याच महिन्यात, ८ ऑगस्ट १९३० रोजी, नागपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तिथे पीडित स्वतःच्या प्रश्नावर स्वतः बोलत होते. जोहान्सबर्गच्या परिषदेत तज्ज्ञ डॉक्टर होते. ज्यांच्या फुफ्फुसांवर चर्चा चालली होती त्या काळ्या खाणकामगारांचा तिथे आवाज नव्हता. ज्ञान खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. ते खरे होते, पण अर्ध्या माणसांना वगळून गोळा केलेले होते. समाजशास्त्र शिकताना आम्हाला सांगितले जाते की वर्गवारी ही सत्तेचीही गोष्ट असते. जोहान्सबर्ग हे त्याचे उदाहरण आहे.

धोटा, दोरा आणि खाते

आता आपल्या मुंबईकडे येऊ. गिरण्यांना सर्वाधिक माणूसबळ पुरवणारा जिल्हा म्हणजे जुना रत्नागिरी जिल्हा. सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. या जिल्ह्यातून मराठा, भंडारी, कुणबी गेले, तसे महारही गेले. पण गिरणीच्या फाटकातून आत गेल्यावर सगळे एका खात्यात गेले नाहीत.

विणाई खात्यात पगार सर्वांत चांगला. पण मागावर काम करताना कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून, धोट्याच्या भोकातून दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगारांनी ठरवले आणि मालकांनी ते मुकाट मान्य केले. परिणामी आपल्या माणसांना विणाई खात्याचे दार बंद. त्यांना रिंग खात्यात, झाडलोटीत, कचरा-कापसाच्या कामात जागा. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना विणाई खात्याच्या दाराशी ती एकजूट कुठे जाते, हे त्यांनी विचारले. फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, त्यामागे हा अनुभव होता.

या बंदीची चर्चा नेहमी पगाराच्या अंगाने होते. आम्ही ती फुफ्फुसाच्या अंगाने करू इच्छितो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बायसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, श्वास पुरत नाही. सुरुवातीला एकाच दिवशी, मग आठवडाभर, मग कायमचे. कापूस जिथे फोडतात आणि पिंजतात त्या ब्लो रूम व कार्डिंगमध्ये तो सर्वाधिक, कताईकडे त्याहून कमी, आणि विणाईकडे सर्वांत कमी असतो. कारण कापड होईपर्यंत धूळ आधीच्या खात्यांतल्या माणसांच्या छातीत गेलेली असते. म्हणजे जातीच्या विटाळाने आपल्या माणसांना केवळ जास्त पगारापासून नव्हे, तर गिरणीतल्या त्यातल्या त्यात स्वच्छ हवेपासूनही दूर ठेवले. ब्लो रूममध्ये फक्त दलितच होते, असे आम्ही म्हणत नाही. तसे नव्हतेच. पण कमी धुळीचे खाते कोणाला मिळू शकते आणि कोणाला कधीच नाही, हे जातीने ठरवले होते.

फिल्मवर न दिसणारी धूळ

आता या इतिहासातली सर्वांत बोचरी गोष्ट. बायसिनोसिस एक्स-रेवर दिसत नाही. त्याची ठरावीक सावलीच नाही. पी, क्यू, आर नाही, १/० नाही, काहीच नाही. फिल्म स्वच्छ येते आणि माणसाला चार पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग या इंग्रज डॉक्टरने लँकेशायरच्या गिरणी कामगारांसाठी वेगळी पद्धत बसवली : कामगाराला विचारायचे. छाती कधी आवळते? सुट्टीनंतर की रोज? किती वर्षे? उत्तरांवरून प्रत लावायची आणि फुंकर मारायच्या यंत्राने श्वासाची ताकद मोजायची, कामाआधी आणि कामानंतर.

मुंबईत हे काम झाले नाही असे नाही. डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९८१मध्ये बायसिनोसिसवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका गिरणीतल्या बायसिनोसिसचा अभ्यास १९९५मध्ये प्रसिद्ध केला. व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्राच्या माध्यमातून ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बायसिनोसिस, सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस हे सगळे व्यवसायजन्य आजार म्हणून नमूद होते. कायदा होता, विज्ञान होते. पण कामगाराला विचारणे आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवणे, हे त्या विज्ञानाचे साधन होते. ज्याच्या तोंडाचा धोटा चालत नव्हता, त्याच्या तोंडचा शब्द दवाखान्यात कसा चालणार?

तोवर १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसे गावी परतली. कोण किती वर्षे कोणत्या खात्यात होता, हा पुरावा गिरण्यांच्या जमिनींबरोबर नाहीसा झाला. मसुऱ्याच्या, चिंदरच्या, आचऱ्याच्या दवाखान्यात या माणसाची फिल्म काढली तर ती स्वच्छ, आणि कागदावर शब्द : दमा.

आणि फिल्मवर दिसली तरी

एक्स-रेवर दिसणाऱ्या आजारांत तरी न्याय झाला का? घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स या अ‍ॅस्बेस्टॉस वापरणाऱ्या कारखान्यात २३२ कायम कामगार होते. मुरलीधर आणि कान्हेरे यांनी कामगार संघटनेच्या सोबतीने त्यातल्या १८१ जणांची तपासणी केली आणि २००५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे २२ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. देशात अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कातले कामगार अंदाजे एक लाख, आणि भरपाई मिळालेले तीसहूनही कमी, असे त्यांनी लिहिले. कारणेही दिली : व्यवस्थापनाच्या पैशाने होणारे अभ्यास दाखले देत नाहीत, डॉक्टरांना या आजारांचे प्रशिक्षण नाही, जाणूनबुजून क्षय किंवा जुनाट खोकला असे निदान केले जाते, आणि मध्यमवर्गीय डॉक्टरांचा कामगारांविषयीचा वर्गीय पूर्वग्रह. हे वाक्य एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, म्हणून ते आम्हाला मोलाचे वाटते. आम्ही त्यात एवढीच भर घालू की तो पूर्वग्रह नुसता वर्गीय नसतो.

क्षयाचा गोंधळ समजून घ्यायला हवा. सिलिकोसिसच्या सावल्या बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात सुरू होतात, आणि क्षयाचेही तेच आवडते ठिकाण. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतात. पण गरीब, काळासावळा, खोकणारा माणूस समोर आला की दुसरा विचारच होत नाही. क्षयाच्या गोळ्यांचा एक कोर्स, मग दुसरा, मग मृत्यू. क्षय लिहिला की जबाबदारी जंतूची, दारूची, घाणीची. सिलिकोसिस लिहिला की जबाबदारी मालकाची आणि सरकारची. एका शब्दावर किती पैसे अवलंबून असतात, हे यावरून कळावे.

आज दगड फोडतो कोण? महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हे काम वडार समाजाच्या माथी आहे. इंग्रजांनी ज्यांना गुन्हेगार जमात ठरवले त्यांतल्याच एका समाजाच्या. गुजरातेत गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी मजूर मेले. त्यातल्या २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०१६ रोजी गुजरात सरकारला दिला. मृत्यूंनंतर कित्येक वर्षांनी, संघटनांनी एकेक कागद गोळा केल्यावर.

कायद्यातले भोक आणि आमचा जांभा

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, मजुरांची घरे पाहिली. त्यांच्याच काळात कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला, ज्यातून १९४८चा राज्य कामगार विमा कायदा आला. कामगाराचे शरीर ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार त्यामागे होता.

पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने डॉक्टरांवर व्यवसायजन्य आजार कळवण्याची सक्ती केली. १९५२च्या खाण कायद्यातही तशी तरतूद आली, आणि १९५५च्या खाण नियमांत एक्स-रेसह ठरावीक काळाने तपासणी आली. पण त्याच खाण कायद्याचे तिसरे कलम वाचा. मुरूम, बांधकामाचा दगड, खडी यांच्यासोबत जांभा दगडाचे नाव घेऊन त्यात सूट दिली होती : उघडी खाण सहा मीटरहून खोल नसेल, माणसे पन्नासहून अधिक नसतील आणि सुरुंग लावत नसतील, तर बहुतेक तरतुदी लागू नव्हत्या.

मालवण तालुक्यातल्या सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी पाहिलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. चिरे यंत्राने कापतात, सुरुंग लागत नाही. एका खाणीवर पन्नास माणसे नसतात. चक्राच्या पात्याभोवती लाल धुरळा उठतो, आणि तोंडाला टॉवेल बांधून माणूस त्यात उभा असतो. यातले बरेच मजूर परजिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेले असतात. खाणीच्या काठावर झोपडी, मुलाची शाळा नाही, हजेरीपत्रकावर नाव असेलच असे नाही. जांभ्यात मोकळी सिलिका किती, हे दगडागणिक बदलते. म्हणूनच ती मोजल्याशिवाय 'ही धूळ निरुपद्रवी आहे' असे कोणी सांगू नये. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात तर सिलिका वाळूच काढतात. ही वाळू काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांना लागते, आणि ती या सवलतीतून वगळलेली होती. म्हणजे तिथे तपासणीची सक्ती कायद्याने आहे. ती होते का, फिल्म कोण वाचतो, वाचून काय लिहितो, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

काही आक्षेप

आमचे डावे मित्र म्हणतील, धुळीला जात नसते, वर्ग असतो. मराठा कामगारही खोकूनच मेला. तो मेला, आणि त्याच्याही घरी भरपाई पोहोचली नाही. त्याचे दुःख आम्ही कमी लेखत नाही. पण दोघांना एकाच रांगेत उभे करण्याआधी धोट्याचा हिशेब करावा लागेल. रांग जातीने लावली होती आणि तिचा फायदा मालकाला झाला.

दुसरा आक्षेप आमच्याच तरुणांकडून येतो : ही वर्गीकरणे गोऱ्यांनी, मालकांच्या सोयीने केलेली, ती फेकून द्या. आम्हाला हे पटत नाही. जोहान्सबर्गमध्ये सुरू झालेले हे शास्त्र पुढे कामगारांच्याच उपयोगाचे ठरले. घाटकोपरला तेच हत्यार आपल्या हातात आले होते. प्रमाणित फिल्म समोर ठेवून, दोन वाचकांनी स्वतंत्र वाचून, शंका लिहून ठेवून काढलेला निष्कर्ष एका डॉक्टरच्या मर्जीपेक्षा केव्हाही बरा. आपली मुले-मुली क्ष-किरण तंत्रज्ञ व्हावीत, डॉक्टर व्हावीत, हे वाचन शिकावीत. पण फिल्मच्या आधी कामाचा इतिहास यायला हवा, कारण वर्गीकरण स्वतःच सांगते की सावलीला एकट्याने बोलता येत नाही.

सन १७००मध्ये रामाझिनी या इटालियन वैद्याने लिहिले होते की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता' हा प्रश्न घालावा. ज्या देशात आडनाव ऐकून धंदा ओळखतात, त्या देशात दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र धंद्याचा रकाना कोरा असतो.

काय मागायचे

राजस्थानने २०१९मध्ये न्यूमोकोनिओसिसबाबत धोरण जाहीर केले : कामगाराने स्वतः नोंदणी करायची, वैद्यकीय मंडळाने तपासायचे, प्रमाणित झाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये. मालक कोण हे सिद्ध करत बसावे लागत नाही. तिथेही अडचणी आहेत, पण पुराव्याचे ओझे मरणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून उतरवले, हा मोठा फरक आहे. महाराष्ट्रात तसे धोरण हवे, आणि त्यात कापसाच्या धुळीचाही समावेश हवा, म्हणजे फिल्म स्वच्छ म्हणून दावा फेटाळता येणार नाही.

सिंधुदुर्गापुरते आमचे म्हणणे असे. एक, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत दम आणि खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर कोणते काम, कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे लिहिले जावे. क्षयाच्या नोंदीत तर सक्तीने. दोन, खाणींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत आरोग्याला प्राधान्य आहे. त्यातून चिरे खाणी, खडी क्रशर आणि सिलिका वाळूच्या ठिकाणच्या मजुरांची धूळ-मोजणी, श्वासाची तपासणी आणि एक्स-रे व्हावेत. तीन, त्या फिल्म वर्गीकरणाचे प्रशिक्षण घेतलेल्या दोन वाचकांनी वाचाव्यात, आणि वाचनाची प्रत मजुराच्या हातात द्यावी. चार, कायदा कोणताही असो, जांभ्याला दिलेली सूट आरोग्य तपासणीपुरती तरी रद्द व्हावी.

हे निवेदन ग्रामसभांच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचे आहे. तोवर वाचकांनी एक करावे. घरात गिरणीत, खाणीत, क्रशरवर, ओतकामात राबलेले कोणी असेल, तर त्यांच्या कामाची वर्षे आणि खाते वहीत लिहून ठेवावे. ते हयात असतील तर त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. जुन्या फिल्म अडगळ म्हणून टाकून देऊ नयेत. ओल लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात आणि आम्हाला कळवावे. पुराव्याअभावी दावे फेटाळले जातात, आणि आपल्याकडचा पुरावा बहुतेक वेळा पावसाळ्यात ओला होऊन जातो. या पावसाळ्याआधी तेवढे काम होऊ शकते.

जय भीम.